एका पराभवात वर्ष संपतं: हँडबॉलच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रीमियर हँडबॉल लीगचे संयोजक,
महाराष्ट्र आयर्नमेन संघाचं व्यवस्थापन,
आणि राज्य व जिल्हा हँडबॉल संघटनांचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

25 जून 2023चा रविवार. पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, त्यामुळे रानात जायची कुणाला घाई नव्हती. आमच्या ओसरीवर तेरा लेकरं एका मोबाईलभोवती बसली होती आणि मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलेला. जयपूरच्या सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये तुमच्या लीगच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना चालू होता. महाराष्ट्र आयर्नमेन विरुद्ध गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश. नेट मधेच अडकायचं, चेंडू हवेत थांबायचा, आणि चालू झालं की गोल होऊन गेलेला असायचा. शेवटी 38-24. महाराष्ट्र विजेता! लेकरांनी इतका दंगा केला की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना वाटलं क्रिकेट.

दंगा ओसरल्यावर आमच्या संघातली एक डावखुरी पोरगी म्हणाली, "सर, आपली टीम आपल्याकडं कवा येणार खेळायला?"

मी सांगितलं, येईल की. पण तेव्हाच मनात हिशेब केला. सहा संघ, तेहतीस सामने, 8 ते 25 जून, सगळे जयपुरात. महाराष्ट्राच्या नावानं खेळलेला संघ विजेता झाला, आणि महाराष्ट्राच्या मातीवर त्यानं एकही सामना खेळला नाही. त्या पोरीला तेव्हा जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त क्रीडाशिक्षक. हँडबॉल माझ्याकडं आला तो अपघातानंच. शाळेत कबड्डीचा संघ होता, खो-खोचा होता, आणि एका वर्षी वरून पत्र आलं की हँडबॉलचा संघ पाठवा. मी नियमांचं पुस्तक वाचलं. चाळीस बाय वीस मीटरचं मैदान, एका बाजूला सात जण, चेंडू हातात घेऊन तीन पावलं, तीन सेकंद. गोलपोस्ट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपाचा करून घेतला, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. जाळी कुठं मिळेना, तेव्हा गोदाकाठच्या मासेमारांकडून विणून घेतली. ती जाळी अकरा वर्षं टिकली. विकतच्या जाळ्या दोन पावसाळेसुद्धा काढत नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि मग लक्षात आलं की हा खेळ आमच्या लेकरांच्या हातातच होता. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून ज्यांनी गोफण फिरवली, त्यांच्या खांद्याला जंप शॉट शिकवावा लागत नाही. कमरेतून पीळ कसा द्यायचा, दगड कुठल्या क्षणाला सोडायचा, हे त्यांना न सांगता येतं. (आता सोयाबीन आलं आणि गोफण गेली. हल्लीच्या पोरांना खांदा उघडायला शिकवावं लागतं. असो.)

आता तक्रार. आमच्या लेकरांचा वर्षाचा हँडबॉल किती असतो? शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, जिल्हास्तर, मग विभागस्तर, मग राज्यस्तर. पद्धत बाद. म्हणजे पहिला सामना हरला की घरी. जिल्ह्यात संघ थोडे, मैदान एका दिवसापुरतं मिळालेलं, म्हणून सामनाही पूर्ण वेळेचा नाही, दहा-दहा मिनिटांचा. मी एका मुलीचा हिशेब काढला होता. सातवीपासून बारावीपर्यंत सहा वर्षं ती संघात होती. सरावाच्या संध्याकाळी शेकड्यांनी. खेळलेले अधिकृत सामने चौदा. त्यातले निम्मे असे की प्रतिस्पर्धी संघ आलाच नाही म्हणून पुढं चाल मिळाली. म्हणजे खरे सातच. सहा वर्षांत सात सामने! गोलकीपरला समोरच्याच्या मनगटाकडं बघून चेंडू कुठं येणार ते ओळखायला किती सामने लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लीगला आपल्याकडं जुना शब्द आहे, साखळी. साखळी सामने. साखळीत हरलेल्याला पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहायचं असतं. बाद पद्धतीत जिंकणाराच खेळत राहतो, म्हणजे जो आधीच बरा आहे त्यालाच सराव मिळतो. आमच्याकडं हँडबॉल वाढला नाही तो हुशारीच्या किंवा ताकदीच्या अभावानं नव्हे. हरल्यानंतरचा दुसरा सामना त्याला कधी मिळालाच नाही.

तुमची लीग आली तेव्हा मी जर्मनीची लीग बघायला लागलो होतो. मी जर्मनी पाहिलेली नाही, पासपोर्टसुद्धा नाही, पण निवृत्त माणसाकडं वेळ असतो आणि हल्ली मोबाईलवर सगळं दिसतं. आधी चेंडूला चिकटलेलं काहीतरी बघून नवल वाटलं. ते लोक बोटांना राळेसारखं चिकट लावतात, चेंडू एका हातात धरता यावा म्हणून. आमच्या पोरांच्या हाताला काळी माती असते, ती उलटं काम करते. मग त्या लीगचा इतिहास वाचत गेलो, आणि तिथं मला आमच्या तालुक्याच्या गोष्टी सापडायला लागल्या.

1917 मध्ये बर्लिनमध्ये माक्स हायझर या माणसानं बायकांना खेळता यावा म्हणून या खेळाचे नियम बांधले. दोन वर्षांनी कार्ल शेलेंझ यानं त्यात बदल करून तो पुरुषांसाठी दणकट केला. तेव्हा तो फुटबॉलच्या मैदानावर अकरा-अकरा जणांचा खेळ होता. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही तसाच खेळला गेला. पण हिवाळ्यात मैदानं गोठायची, म्हणून खेळ हळूहळू छपराखाली गेला, मैदान लहान झालं, माणसं सात झाली. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हँडबॉल परतला तो हाच सात जणांचा.

देशाचा विजेता ठरवायची त्यांची आधीची पद्धत आमच्यासारखीच होती. भागाभागांतले विजेते एकत्र बोलवायचे आणि थोडक्या सामन्यांत निकाल लावून टाकायचा. 1966 मध्ये त्यांनी ती सोडली आणि बुंडेसलीगा सुरू केली. पण एका झटक्यात देशभराची एकच लीग काढली नाही! उत्तर आणि दक्षिण असे दोन गट केले. आपापल्या गटात सगळ्यांशी खेळायचं, घरी एकदा, त्यांच्या गावी एकदा, आणि शेवटी वरच्या संघांत विजेतेपदाचा निकाल. खेळाडू नोकरी-धंदा करणारे असणार, रविवारी खेळून सोमवारी कामावर जायचं, तर प्रवास आवाक्यातला हवा. दोन्ही गट मोडून एकच लीग झाली ती 1977 मध्ये. म्हणजे अकरा वर्षं त्यांनी पाया भरू दिला. पुढं जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे संघ सामावून घ्यायचे होते, तर 1991-92 च्या मोसमात त्यांनी पुन्हा दोन गट केले आणि नंतर परत एक. गरज पडली तर मागं यायला ते लाजले नाहीत.

आणि पहिल्या काळात जिंकत कोण होतं? बर्लिन, म्युनिक नव्हे. गुमर्सबाख. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या सेलूएवढं गाव. त्या गावानं बारा वेळा देशाचं विजेतेपद आणि पाच वेळा युरोपचा चषक नेला. 1977 मध्ये एकच लीग झाल्यावर तिचा पहिला विजेता कोण? ग्रोसवालश्टाट. माइन नदीकाठचं, चारेक हजार वस्तीचं खेडं. चार हजार! आमच्याकडं एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि तिच्या निवडणुकीत दोन पॅनल उभे राहतात, संघ एकही उभा राहत नाही. त्या खेड्यानं 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपचा चषक जिंकला. आज सर्वांत जास्त विजेतेपदं ज्याच्या नावावर आहेत त्या कीलच्या संघाच्या नावातली टीएचडब्ल्यू ही अक्षरंसुद्धा हासे-विंटरबेक या उपनगराच्या तालमीची आहेत. तालीमच म्हणतो मी, कारण जर्मनीतले हे जुने संघ निघाले ते व्यायामशाळांतून.

त्याच कीलनं 2011-12 च्या मोसमात चौतीसपैकी चौतीस सामने जिंकले. आणि दोन वर्षांनी, 2014 मध्ये, विजेतेपद मिळालं ते गोलफरकानं, अवघ्या दोन गोलांनी. ऱ्हाइन-नेकार लोव्हन हा संघ शेवटच्या दिवशी दोन गोल कमी पडला म्हणून मागं राहिला. साखळीची खरी गंमत मला इथं कळली. ऑक्टोबरातल्या कुठल्यातरी रविवारी, सामना हातात आला म्हणून शेवटच्या मिनिटाला आळस केलेला एक फटका जूनमध्ये आठवतो. बाद पद्धतीत असं काही आठवायला शिल्लकच राहत नाही.

तिथं सगळं गोडच आहे असं नाही. हॅम्बुर्गचा संघ 2011 मध्ये देशाचा आणि 2013 मध्ये युरोपचा विजेता झाला, तो मुख्यतः एका मोठ्या आश्रयदात्याच्या पैशावर. पैसा आटला आणि 2016 मध्ये मोसमाच्या मधेच संघ दिवाळखोरीत गेला. तिसऱ्या स्तरापर्यंत खाली आला. पण बघा, खाली यायला तिसरा स्तर होता! म्हणून 2021 मध्ये परत वर चढता आलं. गुमर्सबाखही 2019 मध्ये पहिल्यांदाच खाली उतरलं आणि 2022 मध्ये परतलं. आपल्या लीगमधला एखादा संघ उद्या मालकानं सोडला तर तो कुठं उतरेल? खाली जिनाच नाही.

हे मी तुमची चेष्टा करायला लिहीत नाही. प्रायोजक मिळवणं, परदेशी खेळाडू आणणं, सामने मोबाईलवर फुकट दाखवणं, हे सोपं नव्हतं. ते झालं म्हणून त्या रविवारी आमच्या ओसरीवर तेरा लेकरं बसली. पण तुम्ही प्रो कबड्डीकडं बघून गेलात असं मला वाटतं, आणि तिथंच थोडी चूक झाली. कबड्डीची लीग 2014 मध्ये आली तेव्हा गावोगाव जत्रेतल्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालू होत्या. लीगनं तयार पिकावर खळं केलं. खो-खोचंही तेच. सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो धाराशिवच्या मैदानावर वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी पोरी पळत होत्या म्हणून. हँडबॉलला असं पीक उभं नव्हतं. खळं आधी सारवलं, पेरणी राहून गेली.

आणि पोरींचं काय? तुमचे सहाही संघ पुरुषांचे. मार्च 2022 मध्ये अल्माटीला भारताच्या ज्युनिअर मुलींनी थायलंडला हरवून आशियाई विजेतेपद जिंकलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये आशियाई महिला स्पर्धा आपल्या दिल्लीत झाली. नाव पोरींनी काढायचं आणि लीग पोरांची? जर्मनीत बायकांची बुंडेसलीगा 1975 पासून आहे. एवढा एक आकडा त्या डावखुऱ्या पोरीला मी अजून सांगितलेला नाही, मुद्दाम.

तिचं नाव इथं देत नाही. डावखुरी असल्यानं ती उजव्या बाजूला खेळायची. उजव्या कोपऱ्यातून उजव्या हातानं फेकणाऱ्याला गोल अरुंद दिसतो, डावऱ्याला तो उघडतो, म्हणून असा खेळाडू कुठल्याही संघाला हवा असतो. एका वर्षी एका निवड चाचणीचा निरोप आम्हाला आदल्या रात्री नऊ वाजता व्हॉट्सअॅपवर आला. कुणी घेतली, कुठं घेतली, ते लिहीत नाही. लिहून ती चाचणी परत होणार नाही. बाप तिला घेऊन रात्रीच्या एसटीनं निघाला, सकाळी अकराला पोचला. यादी तयार होती. "पुढच्या वर्षी लवकर या," असं सांगितलं. पुढच्या वर्षी ती बारावीला होती. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे बापाला माहीत होतं, त्या आशेवर तो आला होता. परतीच्या गाडीत, म्हणे, तो एकच वाक्य बोलला: "कापसाचा एक दिवस बुडाला."

साखळी असती तर तिला चाचणीची गरज पडली नसती. चार रविवार तिला खेळताना बघितलेल्या माणसाला दहा मिनिटांची चाचणी घ्यावी लागत नाही.

म्हणून मागणी. मोठी नाही. मराठवाड्याचे आठ जिल्हे, चार-चारचे दोन गट. एका गटात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. दुसऱ्यात परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर. प्रत्येकानं गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा दारी. म्हणजे संघाला सहा सामने, त्यातले तीन आपल्या लोकांसमोर. दर रविवारी गटाचे दोन सामने धरले तर गटाचं काम सहा रविवारांत उरकतं. नंतर दोन्ही गटांतले पहिले दोन एका गावी आणून उपांत्य आणि अंतिम. मुलांचं आणि मुलींचं बरोबरच चालवायचं, म्हणजे तीच गाडी, तेच पंच, तेच मैदान.

गाडीचं म्हणाल तर परभणी, पूर्णा, नांदेड एकाच रुळावर आहेत. पूर्णेहून हिंगोलीला फाटा जातो, परभणीहून परळीमार्गे लातूरकडं. सकाळी निघून रात्री घरी येता येतं. बीड-धाराशिवकडं एसटी, आणि एसटीत 2023 पासून बायकामुलींना अर्धं तिकीट आहे. मुलींचा संघ मुलांच्या निम्म्या खर्चात फिरेल. सरकारनं ही सवलत दिली तेव्हा त्यांच्या डोक्यात हँडबॉल असेल असं वाटत नाही, पण आपण वापरायला हरकत काय?

महिने नोव्हेंबर ते जानेवारी. जर्मन लोक हिवाळ्यात मैदान गोठतं म्हणून आत गेले, आम्ही हिवाळ्यात बाहेर पडू. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू टप्पा घेईल तिकडं जातो. जिल्हा संकुलातल्या हॉलमध्ये बहुतेक बॅडमिंटनची कोर्टं असतात, चाळीस मीटर लांबी भरत नाही. तेव्हा उघडं मैदानच खरं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला की तीन महिने छान चालतं.

एक अडचण आहे, तिचं उत्तर माझ्याकडं नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची, विशेषतः बीडकडची, काही लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. नेमकी तीच पोरं काटक असतात. मोसमाच्या मध्यात तुमचा पिव्होट, म्हणजे गोलसमोर बचावात घुसून खेळणारा गडी, फडावर गेलेला असतो. वसतिगृहं आहेत, ती पुरत नाहीत. तुमच्यातल्या कुणी पैशानं मोठ्या माणसानं यावर विचार केला तर बरं होईल.

महाराष्ट्र आयर्नमेनच्या व्यवस्थापनाला वेगळं सांगणं. तुम्ही पुण्याचे, जिंकलात, अभिनंदन. शिबिर घ्या, जर्सी वाटा, फोटो काढा, आमची हरकत नाही. पण त्यापेक्षा एका जानेवारीत तुमचे दोन खेळाडू आमच्या अंतिम सामन्याला पाठवा. बक्षीस द्यायला नको. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अख्खा सामना बघायला. मधल्या सुट्टीत पोरींना काय चुकतंय ते सांगितलं तर आणखी चांगलं.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना: अधिकृत कोण, मान्यता कुणाची, शिक्का कुणाचा, ही भांडणं तुमची तुम्ही मिटवा. मिटेपर्यंत साखळी अडवू नका. आम्हाला प्रमाणपत्र नंतर द्या, गुणतक्ता आधी द्या. शाळेच्या फळ्यावर आठ जिल्ह्यांची नावं, खेळले, जिंकले, हरले, गोलफरक, एवढं दर सोमवारी खडूनं लिहिता आलं तरी पोरं प्रार्थनेच्या आधी शाळेत येतील. माझी खात्री आहे.

पंचांचं मानधन, चहा-पोहे, चेंडू, एवढ्यासाठी आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीची तयारी दाखवली आहे. त्यातला एक आता पोलिसात आहे, एक नांदेडला मेडिकल चालवतो, एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तो म्हणतो, आठ जिल्ह्यांचे सोळा गोलपोस्ट मजुरी न घेता करून देतो, पाइप तेवढा द्या. मैदान आखायला फक्की माझी. वय झालंय, पण दोरी धरायला कुणी असलं तर गोलसमोरची सहा मीटरची अर्धगोल रेघ, म्हणजे डी, मी अजून एका दमात काढतो.

हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण दसऱ्याच्या आत कळवा. त्यानंतर मुरुमाचे ट्रॅक्टर मिळत नाहीत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
परभणी जिल्हा

ता. क. चेंडू पाठवणार असाल तर मुलींसाठी दोन नंबरचे पाठवा, 54 ते 56 सेंटिमीटर घेराचे. मागच्या वेळी एका ठिकाणाहून आलेले सगळे तीन नंबरचे होते, आमच्या पोरी त्यावरच शिकल्या, आणि स्पर्धेत दोन नंबरचा चेंडू हातात आला की त्यांचे पहिले पाच फटके गोलावरून जातात.